रानातली कविता ओठांवर कशी आली?

जळगावहून अजिंठ्याकडे निघालेल्या प्रवाशाला वाटेत पहूर लागते. जामनेर तालुक्यातले हे मोठे बाजाराचे गाव. वाघूर नदीच्या काठी वसलेले, पेठ आणि कसबे अशा दोन भागांत विभागलेले. एके काळी पाचोरा-जामनेर ही नॅरोगेज गाडी, जिला सारा परिसर लाडाने 'पीजे' म्हणत असे, शेंदुर्णीहून पहूरमार्गे जामनेरला जात असे. सुमारे ५६ किलोमीटरच्या या मार्गावरची ती संथ गाडी २०२०च्या टाळेबंदीत थांबली आणि पूर्वीच्या रूपात पुन्हा धावली नाही. पहूरपासून दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर दिसू लागतात. त्याच डोंगरांच्या पायथ्याच्या टापूत सोयगाव तालुक्यातले पळसखेडे हे छोटे गाव आहे. मराठी चित्रपटसंगीतातील काही अत्यंत लोकप्रिय गाण्यांचे शब्द या कोरडवाहू मातीतून आले, ही गोष्ट आज पुण्या-मुंबईत ती गाणी गुणगुणणाऱ्या अनेकांच्या ध्यानीही नसते.

'जांभुळपिकल्या झाडाखाली', 'नभ उतरू आलं', 'चिंब पावसानं', 'मी रात टाकली'. ही नावे उच्चारली की प्रथम आठवतात ते मंगेशकर भावंडांचे स्वर आणि पडद्यावरची स्मिता पाटील. गीतकाराचे नाव त्यानंतर येते. ते नाव म्हणजे नामदेव धोंडो महानोर. कवी आणि शेतकरी अशी त्यांची दुहेरी ओळख महाराष्ट्राला आहे. तथापि गीतकार म्हणून त्यांची कारकीर्द कशी घडली, त्यांची गाणी इतकी का रुजली आणि त्या लोकप्रियतेने कवितेचे काय केले, याचा स्वतंत्र विचार क्वचितच होतो.

सीमेवरचे गाव, सीमेवरची भाषा

महानोरांचा जन्म १६ सप्टेंबर १९४२ रोजी पळसखेडे येथे झाला. त्या वेळी सोयगावचा परिसर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर पलीकडचे शेंदुर्णी, पहूर आणि जामनेर ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात. आज जी केवळ दोन जिल्ह्यांची हद्द वाटते, ती तेव्हा दोन राजवटींची सीमा होती. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि ती सीमा पुसली गेली. पण बोलीने ती सीमा कधी मानलीच नव्हती. लग्नसंबंध, बाजार, जत्रा आणि शाळा यांच्या निमित्ताने दोन्हीकडची माणसे सतत एकमेकांत मिसळत होती. महानोरांचे शालेय शिक्षणही पळसखेडे, पिंपळगाव आणि शेंदुर्णी असे सीमेच्या अल्याड-पल्याड झाले. पुढे ते जळगावच्या महाविद्यालयात दाखल झाले. परंतु पहिल्याच वर्षी शिक्षण सोडून घरच्या शेतीकडे परतले.

या भौगोलिक तपशिलाला त्यांच्या गीतलेखनात मोठे महत्त्व आहे. जामनेरकडची तावडी बोली, पश्चिमेकडची अहिराणी, डोंगराकडून येणारी मराठवाडी वळणाची मराठी आणि निजामी राजवटीत रुळलेले उर्दू-फारसी शब्द, हे सारे त्यांच्या कानांवर लहानपणापासून पडले. 'चिंब पावसानं' या गीतातील 'आबादानी' हाच शब्द पाहावा. फारसीतून आलेला, समृद्धी आणि भरभराट सांगणारा हा शब्द खेड्यातल्या माणसाच्या तोंडी सहज येतो. नागर कवीने तिथे कदाचित 'समृद्ध' किंवा 'हिरवेगार' लिहिले असते. अर्थ साधला असता, पण पाऊस पडल्यानंतर शेतकऱ्याच्या मनाला मिळणारा निर्धास्तपणा त्यात उतरला नसता.

खान्देशाला गाण्यासारख्या कवितेची जुनी परंपरा आहे. धरणगावला जन्मलेले बालकवी ठोंबरे १९१८ मध्ये अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेले. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांची कविता त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली आणि पुढे 'मानिनी' या चित्रपटामुळे घराघरांत पोहोचली. जात्यावर जन्मलेले शब्द पुस्तकातून आणि पुस्तकातून पडद्यावर, असा तो प्रवास होता. महानोर याच वाटेने गेले. फरक इतकाच, की त्यांना हा प्रवास आपल्या हयातीत आणि आपल्या डोळ्यांदेखत करता आला.

आधी कवी, मग गीतकार

१९६७ मध्ये 'रानातल्या कविता' हा त्यांचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा ते पंचविशीत होते. मराठी नवकविता त्या काळी प्रामुख्याने शहरी एकाकीपणाची भाषा बोलत होती. मर्ढेकरांनंतरच्या पिढीने यंत्र, गर्दी आणि विफलता हे विषय कवितेत आणले होते. लघुनियतकालिकांची चळवळ जोरात होती. अशा वेळी उभ्या पिकातून, पाखरांच्या थव्यांतून आणि ओल्या मातीतून बोलणारी कविता वाचकांना अनपेक्षित होती. ती निसर्गाचे दुरून वर्णन करीत नव्हती. शेतात राबणाऱ्या माणसाचे शरीर आणि शेत यांच्यातले नाते ती सांगत होती. त्यामुळेच तिच्यात पाऊस आणि शृंगार वेगळे काढता येत नाहीत.

१९७० मध्ये 'वही' आला. 'वही' हा लोकगीताचा प्रकार. वहीगायनाची परंपरा खान्देशात आणि लगतच्या भागात आजही आढळते. डफाच्या साथीने समूहाने म्हणावयाची ही गीते. लोकगीताची लय घेऊन स्वतःची कविता लिहिण्याचा तो प्रयत्न होता. पळसखेडे परिसरातील लोकगीतेही त्यांनी संकलित केली आणि 'पळसखेडची गाणी' या पुस्तकातून ती वाचकांसमोर आली. म्हणजे चित्रपटसृष्टीने बोलावण्याआधीच गाण्याची सारी सामग्री या कवीच्या संग्रही होती. चित्रपटाने त्यांना गीतकार केले असे म्हणण्यापेक्षा, चित्रपटाला एक तयार गीतकार सापडला असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

'जैत रे जैत': गाण्यांनी सांगितलेली कथा

तो चित्रपट म्हणजे १९७७ चा 'जैत रे जैत'. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शन जब्बार पटेल यांनी केले, निर्मिती उषा मंगेशकर यांची आणि संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे. रायगड जिल्ह्यातील कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकर समाजाची ही कथा. ढोल वाजवणारा नाग्या आणि त्याच्यावर जीव लावणारी चिंधी, या भूमिका मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांनी केल्या. डोंगरावरच्या राणीमाशीवर सूड उगवण्याचा नाग्याचा ध्यास आणि त्याची मोजावी लागणारी किंमत हा कथेचा गाभा आहे. मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

या चित्रपटात डझनाहून अधिक गीते आहेत. सामान्यतः चित्रपटात गाणे आले की कथा थांबते. येथे उलट घडते. समूहस्वर कथा पुढे नेतो, पात्रांच्या मनातले सांगतो, डोंगराला देव मानणाऱ्या समाजाची श्रद्धा उभी करतो. 'आम्ही ठाकर ठाकर' समाजाची ओळख करून देते, 'लिंगोबाचा डोंगुर' त्या भूमीचे दैवत सांगते, तर 'मी रात टाकली' हे चिंधीच्या मुक्ततेचे गाणे होते. नवऱ्याचे घर सोडून आलेल्या स्त्रीचा आनंद कोणत्याही अपराधभावाविना व्यक्त करणारे असे गाणे मराठी पडद्यावर त्याआधी विरळाच होते.

येथे गीतकारापुढे एक खरी अडचण होती. महानोर ठाकर समाजातले नव्हते. त्यांची बोली सह्याद्रीतल्या ठाकरांची बोली नव्हती. हुबेहूब अनुकरण केले असते तर शहरातल्या प्रेक्षकाला ते कळले नसते, आणि प्रमाण मराठीत लिहिले असते तर ते खोटे वाटले असते. महानोरांनी मधला मार्ग काढला. त्यांनी बोलीचे शब्द मोजकेच घेतले. भर दिला तो लोकगीताच्या रचनेवर. एकाच शब्दाची पुनरुक्ती, छोटे चरण, ढोलाच्या ठेक्यावर पडणारा आघात आणि प्रश्नोत्तरांसारखी मांडणी, यांमुळे ती गाणी कोणत्याही डोंगरातली वाटतात. हृदयनाथांच्या चालींनी आणि तालवाद्यांच्या योजनेने या रचनेला पूर्ण न्याय दिला.

मंगेशकर भावंडांचे आजोळ धुळे जिल्ह्यातील थाळनेर. तापीकाठच्या त्या गावामुळे खान्देशी गाण्याचा सूर या घराला परका नव्हता. ग्रेस, आरती प्रभू, सुरेश भट अशा कवींच्या रचनांना चाली देणाऱ्या हृदयनाथांना शब्दांची पारख होतीच. पळसखेड्याचा शेतकरी आणि मुंबईचा संगीतकार यांचे सूर जुळले, त्यामागे ही पार्श्वभूमीही असावी.

ही गाणी का रुजली?

लोकप्रियतेचे श्रेय चाल आणि आवाज यांना असतेच. पण शब्दांचा वाटा नेमका कोणता, हे महानोरांच्या गाण्यांतून स्पष्टपणे दाखवता येते.

पहिली गोष्ट जोडशब्दांची. 'जांभुळपिकल्या' हा शब्द कोणत्याही शब्दकोशात नसावा. 'जांभळे पिकलेल्या' असे व्याकरणशुद्ध विशेषण करण्याऐवजी महानोरांनी नाम आणि धातुसाधित एकत्र बांधले. त्यामुळे झाड, फळ आणि त्याचे पिकणे ही तीन चित्रे एकाच श्वासात उभी राहतात. शिवाय गायला सोपा, लघुगुरूंच्या सहज चढउताराचा शब्द तयार होतो. त्यांच्या कवितेत असे जोडशब्द जागोजागी सापडतात.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. 'नभ उतरू आलं' यात आभाळ उतरले आहे असेही नाही आणि उतरेल असेही नाही. ते उतरण्याच्या बेतात आहे. ही दोन अवस्थांमधली घडी बोलीभाषा 'उतरू आलं' या दोन शब्दांत पकडते. पावसाची वाट पाहणाऱ्या माणसाला ही घडी नेमकी ठाऊक असते. ढग भरून येतात, वारा पडतो आणि सारे रान श्वास रोखून उभे राहते. आशा भोसले यांच्या स्वरात हे गाणे ऐकताना शहरातल्या श्रोत्यालाही ती ओढ जाणवते, कारण ती वर्णनात सांगितलेली नसून क्रियापदातच दडलेली आहे.

तिसरी गोष्ट शृंगाराची. पाऊस आणि स्त्री-पुरुषांतील ओढ यांची सांगड लोकगीतांत आणि लावणीत पूर्वापार आहे. महानोरांनी ती मोकळेपणाने घेतली, पण तिला सवंग होऊ दिले नाही. शेतातल्या सर्जनाचीच भाषा त्यांनी प्रेमाला वापरल्यामुळे ही गाणी कुटुंबात बसून ऐकता आली आणि तरीही त्यांची ऊब कमी झाली नाही.

पुढची वाट

'जैत रे जैत'नंतर महानोरांनी चित्रपटगीतांचा रतीब घातला नाही. मोजक्याच चित्रपटांसाठी त्यांनी लिहिले. १९८७ मध्ये राजदत्त दिग्दर्शित 'सर्जा' आला. हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीतातील 'चिंब पावसानं' याच चित्रपटातले. १९९२ मध्ये जब्बार पटेल यांचा 'एक होता विदूषक' प्रदर्शित झाला. पु. ल. देशपांडे यांची पटकथा, लक्ष्मीकांत बेर्डे यांची वेगळ्या धाटणीची भूमिका आणि आनंद मोडक यांचे संगीत लाभलेल्या या चित्रपटात तमाशाच्या फडावरची लावणी लागत होती, तशीच हसवणाऱ्या माणसाच्या एकटेपणाची गाणीही लागत होती. 'भरलं आभाळ' ही लावणी आणि 'शब्दांचा हा खेळ मांडला' हे गीत एकाच लेखणीतून उतरले आहे, हे मुद्दाम सांगावे लागते, इतकी त्यांची जातकुळी भिन्न आहे.

आनंद मोडक यांच्याबरोबरची ही जोडी पुढे १९९४ च्या 'मुक्ता'मध्ये आणि १९९५ च्या 'दोघी'मध्ये दिसली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'दोघी'तील सूर अगदी वेगळा आहे. घराची वाताहत झाल्यावर थोरल्या मुलीला शहरात देहविक्रयासाठी पाठवावे लागलेल्या कुटुंबाची ही कथा. 'भुई भेगाळली खोल' या गाण्यात पाऊस नाही, पावसाचा अभाव आहे. महानोरांना केवळ 'हिरवा कवी' समजणाऱ्यांनी हे गाणे अवश्य ऐकावे. ज्या माणसाने पावसाची इतकी गाणी लिहिली, त्याला भेगाळलेली जमीन किती जवळून माहीत होती, याची जाणीव ते करून देते.

अखेरचा उल्लेख 'अजिंठा' या चित्रपटाचा. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल याला १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी पाठविण्यात आले. त्याची आणि पारो या स्थानिक तरुणीची कथा महानोरांनी १९८४ मध्ये 'अजिंठा' या दीर्घकवितेत सांगितली. पारोचे निधन १८५६ मधले. तिची कबर आजही अजिंठा गावी आहे. गिलने केलेली बहुतेक चित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाली आणि १८७९ मध्ये मरण पावलेल्या गिलला भुसावळला दफन करण्यात आले. म्हणजे या कथेचा एक टोकाचा बिंदू अजिंठ्याच्या डोंगरात, तर दुसरा खान्देशात आहे. नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये या काव्यावर चित्रपट केला. संगीत कौशल इनामदार यांचे होते. पुढे २ ऑगस्ट २०२३ रोजी देसाई यांचे निधन झाले आणि दुसऱ्याच दिवशी, ३ ऑगस्टला, वयाच्या ८१ व्या वर्षात असलेल्या महानोरांनी पुण्यात अखेरचा श्वास घेतला. त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते पळसखेड्यात.

गाणे मोठे की कविता?

गीतकाराला साहित्यात कोणते स्थान द्यावे, हा वाद सर्वत्र आहे. २०१६ मध्ये बॉब डिलन या गायक-गीतकाराला साहित्याचे नोबेल जाहीर झाले तेव्हा जगभर तो नव्याने रंगला. मराठीत ग. दि. माडगूळकर, पी. सावळाराम, जगदीश खेबुडकर यांच्यासारख्या गीतकारांना रसिकांचे उदंड प्रेम मिळाले. समीक्षेने मात्र त्यांना काहीसे दूरच ठेवले. महानोरांच्या बाबतीत ही भिंत बरीचशी कोसळली. 'पानझड' या संग्रहासाठी त्यांना २००० मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याआधी १९९१ मध्ये पद्मश्री आणि नंतर २००९ मध्ये जनस्थान पुरस्कार त्यांना लाभला. गाणी लोकप्रिय झाली म्हणून त्यांची कविता कमी प्रतीची ठरली नाही.

त्याचे एक कारण असे की त्यांचे गीत आणि त्यांची कविता यांची मुळे एकाच जमिनीत होती. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. गाण्यांनी प्रसिद्धी दिल्यावरही त्यांनी मुंबईत बिऱ्हाड केले नाही. चरितार्थासाठी गाण्यावर अवलंबून राहावे लागले असते, तर मागणीनुसार पुरवठा करणे भाग पडले असते. शेतीने त्यांना नकार देण्याचे स्वातंत्र्य दिले. अर्थात ती शेतीही सुखाची नव्हती. १९७२ चा दुष्काळ या भागाने सोसला होता. १९७८ मध्ये विधान परिषदेवर नियुक्ती झाल्यानंतर महानोर पाण्याचा, कोरडवाहू शेतीचा आणि फळबागांचा प्रश्न मांडत राहिले. 'शेतीसाठी पाणी' हे त्यांच्या एका पुस्तकाचे नाव आहे. पावसाचे गाणे लिहिणारा माणूस पाणी अडवण्याचे शास्त्रही लिहितो, यात विसंगती नाही. गाण्यात ज्या पावसाची आळवणी आहे, त्याचा थेंब वाहून जाऊ नये, ही तळमळ दोन्हीकडे सारखीच आहे.

वारसा कोणाचा?

आज खान्देशी गाण्याला पुन्हा बहर आला आहे. अहिराणी गाणी यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिली जातात; लग्नाच्या वरातीत, बसमध्ये, ट्रॅक्टरवर ती वाजतात. स्वतः लिहिणारे, स्वतः गाणारे आणि स्वतःच चित्रीकरण करणारे तरुण गावोगावी तयार झाले आहेत. त्यांना मुंबईच्या बोलावण्याची गरज उरलेली नाही. महानोरांच्या पिढीला हे स्वातंत्र्य नव्हते. बोलीची लाज न बाळगता गाणे म्हणण्याचा आत्मविश्वास या नव्या पिढीत आहे, ही आनंदाचीच बाब होय.

मात्र एक प्रश्न उरतो. कपाशी आणि मका यांच्या अर्थकारणात जुनी पिके, जुनी झाडे आणि त्यांच्याबरोबर त्यांची नावे मागे पडत आहेत. जात्यावरची ओवी जात्याबरोबर गेली, मोटेवरचे गाणे मोटेबरोबर गेले. जिथे वस्तू जाते, तिथे शब्दही फार काळ टिकत नाही. अशा काळात महानोरांची गाणी ही नुसती करमणूक नसून एका भूप्रदेशाच्या बोलण्याची नोंद आहे. नव्या गीतकारांनी त्यांच्या चालींचे अनुकरण करण्याची गरज नाही. परंतु आपल्या आजीच्या तोंडचा एखादा नेमका शब्द गाण्यात कसा पेरावा, हे मात्र त्यांच्याकडून जरूर शिकावे.

पहूरवरून अजिंठ्याकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या आजही थांबतात, चहा घेतात आणि पुढे निघून जातात. एखाद्या गाडीत 'नभ उतरू आलं' लागलेलेही असते. ज्या आभाळाकडे पाहून ते शब्द सुचले, ते आभाळ तेव्हा काचेबाहेर समोरच असते.